तुम्ही विचारलेत म्हणून: चित्रकथेला गाणे कशासाठी?

चित्रकथांविषयी मी कुठेही बोलले, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. चित्रकथेवर सिनेमा निघतो हे समजते, कारण दोन्हीकडे चित्रेच असतात. पण कागदावर गप्प उभ्या असलेल्या माणसांना रंगमंचावर आणून गायला लावण्याचा खटाटोप अमेरिकेतली नाटकवाली मंडळी पुन्हा पुन्हा का करतात? सिनेमा हा चित्रकथेचा सर्वांत जवळचा नातलग आहे, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे एकदा नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

सिनेमात पडद्यावर बहुधा एका वेळी एकच चित्र असते. ते गेले की दुसरे येते आणि गेलेले चित्र फक्त आपल्या आठवणीत उरते. चित्रकथेच्या पानाचे तसे नाही. पान उलटताच त्यावरच्या सगळ्या चौकटी एकदम नजरेत भरतात. आपण त्या क्रमाने वाचतो हे खरे, पण तिसरी चौकट वाचताना पहिली पुसली गेलेली नसते आणि सहावी कोपऱ्यात वाट पाहत असतेच. मघाचा, आत्ताचा आणि नंतरचा असे तीन काळ एकाच कागदावर शेजारी शेजारी नांदत असतात. केवळ संवादांवर चालणाऱ्या नाटकाला हे साधणे अवघड आहे, कारण दोन पात्रे एकदम बोलू लागली की गोंगाट होतो आणि कोणाचेच धड ऐकू येत नाही. तीच पात्रे गाऊ लागली, तर मात्र चार आवाज, चार चाली आणि चार मने एकाच क्षणी ऐकता येतात. चित्रकथेचे पान डोळ्यांना जे देते ते कानांना देण्याची ताकद गाण्यात आहे, असे माझे उत्तर आहे.

याचे सर्वांत सोपे उदाहरण चार्ली ब्राउनचे. हा मुलगा ज्यात आहे ती चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतील वर्तमानपत्रांत सुरू झाली. बहुतेक दिवशी चार चौकटी, त्यांत मोठ्या माणसांसारखी खंत करणारी लहान मुले, आणि चौथ्या चौकटीत हसू किंवा उसासा. क्लार्क गेस्नर यांनी या मुलांवर गाणी रचली. ती आधी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आली आणि मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या 'थिएटर ८० सेंट मार्क्स' या छोट्या नाट्यगृहात त्यांचे 'यू आर अ गुड मॅन, चार्ली ब्राउन' हे नाटक उभे राहिले. नट अवघे सहा, सगळे वयाने मोठे. सलग कथानक नाही. नेपथ्य अगदी जुजबी. त्या नाटकाचे १,५९७ प्रयोग झाले.

त्यातल्या एका गाण्यात चार मुलांना शाळेतून एकच गृहपाठ मिळालेला आहे: पीटर नावाच्या सशाच्या गोष्टीवर शंभर शब्दांचे टिपण. लूसी शब्द मोजत मोजत लिहिते आणि आकडा भरावा म्हणून वाक्ये ताणत नेते. लायनस त्या सशाच्या वागण्याची समाजशास्त्रीय चिकित्सा करू लागतो. श्रोडरला सशापेक्षा रॉबिन हूड अधिक आवडतो, म्हणून तो तिकडेच भरकटतो. चार्ली ब्राउन मात्र लिहायला बसण्यापूर्वीच इतका घाबरलेला असतो, की उद्यावर ढकलण्याची कारणे शोधण्यातच त्याची संध्याकाळ जाते. आधी प्रत्येकाची चाल वेगवेगळी ऐकू येते आणि मग चारही चाली एकमेकींत विणल्या जातात. वर्तमानपत्रातल्या चार चौकटी एकाखाली एक न वाचता एकदम ऐकल्या, तर त्या अशाच ऐकू येतील. शुल्झ यांचे रेखाटन मोठे करून रंगमंचावर टांगण्याची गरज गेस्नर यांना पडली नाही, कारण त्यांनी चित्राची नक्कल करण्याऐवजी पानाची रचना उचलली.

'ॲनी'विषयीही विचारणा होते, कारण सर्वांत जास्त लोकांना ठाऊक असलेले नाटक तेच आहे. हॅरल्ड ग्रे यांची 'लिटल ऑर्फन ॲनी' ही एका अनाथ मुलीची चित्रमालिका १९२४ साली सुरू झाली आणि नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आले ते १९७७ साली, चार्ल्स स्ट्राउस यांचे संगीत, मार्टिन चार्निन यांची गीते आणि टॉमस मीहन यांची संहिता घेऊन. २,३७७ प्रयोग आणि अमेरिकी रंगभूमीवरचे मानाचे सात टोनी पुरस्कार हे त्याचे यश निर्विवाद आहे. तरीही माझ्या मुद्द्यासाठी ते फारसे उपयोगी नाही. मालिकेतून त्यांनी ॲनी, धनाढ्य वॉरबक्स आणि सँडी हा कुत्रा एवढीच मंडळी मुख्यतः घेतली. अनाथालयाची मिस हॅनिगन नाटकासाठी नव्याने घडवली आणि गोष्टही नवी रचली. ग्रे हे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणांचे कडवे विरोधक होते. नाटकात तेच रूझवेल्ट ॲनीच्या आशावादाने भारावून जातात. याला हरकत घ्यायला ग्रे हयात नव्हते, त्यांचे निधन १९६८ साली झाले होते. नाटककारांना असे बदल करण्याचा अधिकार होता असेच मी म्हणेन, पण त्यांनी चित्रकथेचे पात्र घेतले आणि पान मागे ठेवले.

याच्या उलट चूक 'स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क' या नाटकाने केली, असे मला वाटते. सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चून चित्रातले उड्डाण प्रेक्षकांच्या डोक्यावरून खरोखर घडवण्याचा हट्ट त्याच्या मुळाशी होता. १८२ पूर्वप्रयोगांनंतर जून २०११ मध्ये ते अधिकृतपणे सुरू झाले, आणि तोवर काही कलाकार जखमी झाले होते. कागदावरचे उड्डाण आपल्याला खरे वाटते ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीमुळे, कारण तिथली झेप वाचकाचे मन पूर्ण करते. ती पट्टी तारांनी आणि यंत्रांनी भरून काढली, की वाचकाला करायला काही उरत नाही.

पण हा सगळा विचार मला ज्या कलाकृतीमुळे सुचला ती 'फन होम'. ॲलिसन बेक्डेल यांचे हे चित्रमय आत्मकथन २००६ साली प्रसिद्ध झाले. पेनसिल्व्हेनियातल्या बीच क्रीक या लहानशा गावात त्यांचे वडील ब्रूस इंग्रजी शिकवत आणि घराण्याचे अंत्यसंस्कारगृहही चालवत. त्या गृहाला, म्हणजे इंग्रजीतल्या 'फ्यूनरल होम'ला, घरातल्या मुलांनी दिलेले लाडके नाव म्हणजे 'फन होम'. कॉलेजात असताना ॲलिसनने आपण समलिंगी असल्याचे आईवडिलांना पत्राने कळवले, आणि त्यानंतर वडिलांचेही पुरुषांशी संबंध होते हे तिला समजले. काही महिन्यांतच, १९८० साली, वडील ट्रकखाली सापडून गेले. ती आत्महत्या होती अशी ॲलिसनची धारणा आहे, पण खात्री देणारे काहीच मागे राहिले नाही.

या पुस्तकातली कुठलीही चौकट पाहा. चित्रात लहान मुलगी असते, आणि चौकटीच्या वरच्या ओळीत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचा आवाज असतो. एकाच चौकटीत दोन वये. लिसा क्रॉन यांनी संहिता आणि गीते लिहिताना, आणि जनीन टेसोरी यांनी संगीत देताना, नेमके हेच धरले. रंगमंचावर ॲलिसन तीन आहेत: नऊ वर्षांची, एकोणीस वर्षांची आणि त्रेचाळीस वर्षांची. थोरली चित्रफलकापाशी उभी राहून धाकट्या दोघींकडे पाहते, 'कॅप्शन' (म्हणजे चौकटीवरची ओळ) असे मोठ्याने म्हणते, एक ओळ बोलून बघते, ती खोटी वाटली की टाकून देते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये आलेले हे नाटक २०१५ मध्ये ब्रॉडवेच्या 'सर्कल इन द स्क्वेअर' या, प्रेक्षक चहूबाजूंनी बसतील अशा नाट्यगृहात गेले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट म्युझिकलच्या, म्हणजे संगीत नाटकाच्या, पुरस्कारासह त्याला पाच टोनी मिळाले. सर्वोत्कृष्ट संगीत-गीतांचा टोनी केवळ स्त्रियांच्या जोडीला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुस्तकात एक प्रसंग आहे. वडिलांबरोबर खाणावळीत बसलेल्या चिमुरड्या ॲलिसनला कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली, पुरुषी पेहरावातली एक बाई दिसते. तो प्रसंग तिथे एखाद्या-दोन पानांत आटोपतो. नाटकात त्याचे गाणे होते, आणि त्या गाण्यात मुलीची वाक्ये अर्ध्यावर तुटतात, कारण जे वाटते आहे त्याला तिच्याजवळ शब्दच नाही. शब्द थांबतो, चाल थांबत नाही. गाण्यासाठी कथा थांबण्याचे मराठी प्रेक्षकाला नवल नाही. 'सौभद्र'पासून आपण ते आनंदाने मान्य केले आहे. इथे मात्र कथा थांबतच नाही. ती त्या अपुऱ्या वाक्यांमधूनच पुढे सरकते.

आणि तो मोटारीतला प्रवास. वडिलांबरोबरच्या त्या फेरीसाठी बेक्डेल यांनी समोरासमोरची दोन पाने दिली आहेत, प्रत्येक पानावर बारा सारख्या आकाराच्या लहान चौकटी. चोवीस वेळा तेच दोन चेहरे. थोडेसे बोलणे होते, आणि मग पुष्कळसे न बोलणे. नाटकात या क्षणी थोरली ॲलिसन, जी तोवर फक्त पाहत होती, स्वतःच वडिलांशेजारी जाऊन बसते, आणि खिडकीबाहेरून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांकडे पाहत गाण्यातून स्वतःला विनवत राहते, की आता तरी काही बोल. पुढे काय होणार हे तिला ठाऊक आहे, एकोणीस वर्षांच्या तिला ते ठाऊक नव्हते, आणि एकाच आवाजात आपल्याला या दोघी ऐकू येतात.

माझे वडीलही शिक्षक होते. कोल्हापूरहून सांगलीला एसटीने परतताना एकदा मी त्यांच्याशेजारी बसले होते, आणि विचारायचे ते जयसिंगपूर मागे पडेपर्यंत ओठांवर होते. मी विचारले नाही. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. पुढे ते गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी पुस्तक उघडून त्या चोवीस चौकटी समोर ठेवल्या. गाणे चालू असताना माझी नजर त्या दोन पानांवर मागेपुढे फिरत होती, आणि कुठलीच चौकट मला सोडून जात नव्हती.

नाटकाच्या आरंभी छोटी ॲलिसन वडिलांना विमानाचा खेळ खेळायला बोलावते. पुस्तकाच्या पहिल्या पानावरही हाच खेळ आहे. वडील जमिनीवर उताणे झोपतात, तळपायांवर मुलीला तोलतात आणि ती हात पसरते. शेवटी तिन्ही ॲलिसन एकत्र गातात, प्रत्येकीची चाल वेगळी आणि तिन्ही मिळून एक, आणि छोटी पुन्हा वडिलांच्या पायांवर तोलली जाते. थोरली ते पाहते, 'कॅप्शन' म्हणते, आणि या वेळी सापडलेली ओळ टाकून देत नाही.