दादाच्या विसरण्याची टक्केवारी

मोटारसायकलच्या अपघातात माझ्या भावाच्या मेंदूला मार लागला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. उजव्या हाताची पकड कमी झाली, पण काही महिन्यांत तो चालू-बोलू लागला. भेटायला येणारे "झाला की ठणठणीत" म्हणून जायचे. घरात मात्र वहिनी रेग्युलेटर बंद केल्याशिवाय स्वयंपाकघरातून हलत नव्हती. घेतलेला चहा दादाला तासाभरात आठवत नसे. भाच्याने टीव्हीचा आवाज वाढवला तरी तो अंगावर धावून जाई, आणि अपघाताआधी याच माणसाने पोराला कधी चापट मारली नव्हती.

दादा सरकारी कार्यालयात लिपिक. रजा संपत आली तसा तिकडून निरोप आला, वैद्यकीय कारणावरून निवृत्तीचा अर्ज द्या. वहिनीच्या हातात तयार कागदच दिला होता, फक्त सही बाकी. मी तो मागून घेतला आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वाचायला बसले. कलम २०(४) तिथेच सापडले. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वर त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचे. या कलमात ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लिहिलेलीच नाही. तरी कार्यालय म्हणाले, ४० टक्क्यांचा दाखला आणा, मग बघू. बाकीच्या बऱ्याच सवलतींना ४० टक्के लागतातच, म्हणून आम्ही यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज भरला आणि दिलेल्या तारखेला सिव्हिलला गेलो.

टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर दादा एकटाच आत गेला. दार अर्धे उघडे होते, त्यामुळे सगळे ऐकू येत होते. नाव, वय, गाव त्याने बिनचूक सांगितले. "कामावर जाता का?" डॉक्टरांनी विचारले. "जातो ना, आवक-जावक माझ्याकडेच आहे. काल टपाल खूप होतं," दादा म्हणाला. अपघातापासून त्याने कार्यालयाची पायरीही चढली नव्हती. तो खोटे बोलत नव्हता. मेंदूच्या अशा दुखापतीत आपले काय हरवले आहे हेच माणसाला कळेनासे होऊ शकते आणि रिकामी जागा मन आपोआप भरून काढते. मी आत जाऊ लागले तर शिपायाने अडवले. हाताची तपासणी झाली, ३० टक्के लिहिले गेले. स्मरण आणि स्वभाव यांच्यापुढे काहीच लिहिले नव्हते.

यात एकट्या बोर्डाला बोल लावून भागत नाही. १९९५ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे सात प्रकार २०१६ मध्ये एकवीस झाले, पण अपघाताने झालेली मेंदूची दुखापत त्यांत स्वतंत्र नावाने नाही. हात अस्थिव्यंगात बसतो. वाचा गेली तर तिला वेगळा प्रकार आहे. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत. बौद्धिक अक्षमता डॉक्टर वाढीच्या वयातली धरतात, चाळिशीतल्या माणसाला ती लागू करत नाहीत. मग विसरणे कुठे लिहायचे?

उत्तर कायद्याच्या अनुसूचीतच, म्हणजे शेवटी जोडलेल्या या प्रकारांच्या यादीतच होते. 'मानसिक आजार' याच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती आणि आकलन यांच्याबरोबर स्थळकाळाचे भान आणि स्मृतीही आहे. त्या रकान्याचे नाव ऐकून वहिनी आधी बिथरली, "ह्यांना वेडं ठरवायचं का?" असे म्हणून रडली. तिची समजूत घालायला मला कायदा वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागला. या प्रकाराची टक्केवारी आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर काढतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, संवाद व आकलन आणि काम, या चारांना शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती जुना आहे त्याचे गुण. यात घरच्या माणसाला विचारावेच लागते.

म्हणून वहिनीने वही घातली. "दूध आणायला गेले, पिशवी दारात ठेवली, परत दूध आणायला निघाले." "अंघोळ झाली का विचारल्यावर हो म्हणाले, टॉवेल कोरडा." तारीख-वारासकट नुसते घडलेले, कसलीही तक्रार नाही. वैद्यकीय महाविद्यालयात स्मरण आणि एकाग्रतेच्या चाचण्या करून घेतल्या. सीटी स्कॅनचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जोडून कलम ५९ खाली अपील केले. फेरतपासणीत मनोविकारतज्ज्ञांनी वही पहिल्या पानापासून वाचली आणि वहिनीशी बराच वेळ बोलल्या. स्मरण व वर्तनाचे ५० टक्के लागले. दोन टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठी तशीच ठेवतात, नव्वदातून ती वजा करून जे उरते त्याला लहान टक्केवारीने गुणून नव्वदाने भागतात आणि तेवढी भर घालतात; इथे ५० अधिक ४० चा तिसरा हिस्सा. दादाचे ६३ झाले. दाखला तात्पुरता आहे, मुदत संपली की पुन्हा तपासणी.

कार्यालयाला दाखला आणि कलम २०(४) चा उतारा पोच घेऊन दिला. कलम २३ प्रमाणे तिथे तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा, म्हणून एक प्रत त्यांच्या नावे आणि एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. निवृत्तीचा विषय थांबला. दादा आता अभिलेख कक्षात आहे. वेतनश्रेणी तीच, आणि शेजारच्या टेबलावरचे सहकारी त्याला दिवसाची कामे कागदावर लिहून देतात.

पण प्रत्येक घरात कायदा चाळणारी बहीण नसते. अनुसूचीच्या शेवटी केंद्र सरकार अधिसूचित करील अशा इतर प्रवर्गांसाठी जागा ठेवलेली आहे, म्हणजे मेंदूच्या दुखापतीला तिचे नाव द्यायला अधिसूचना पुरते. बाह्यरुग्ण विभागात भेटलेल्या काही कुटुंबांनी मिळून हीच मागणी केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाला पाठवली आहे, आणि तपासणीच्या वेळी घरच्यांचे म्हणणे नोंदवणे बंधनकारक करा, ही दुसरी. पोच आली, उत्तर यायचे आहे. तोवर ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी वही आजपासूनच घालावी, आणि बोर्डाच्या दाराशी कोणी अडवले तरी त्याच्याबरोबर आत जाण्याचा आग्रह सोडू नये.