९० बॅरल की १९०?

ऑपरेटरच्या, म्हणजे विहीर चालवणाऱ्या कंपनीच्या, माणसाने फोनवर गळतीचा आकडा दिला होता ९० बॅरल. त्यातले ६० बॅरल व्हॅक्यूम ट्रकने शोषून उचलले, ३० जमिनीत मुरले. जागा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातली, कार्ल्सबॅडच्या पूर्वेला, केंद्र सरकारच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने चालणारी तेलविहीर. सांडलं होतं ते तेल नव्हे, तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी. तेल नाही म्हटलं की लोकांना हायसं वाटतं. मला विचाराल तर तेल परवडलं. त्यातलं काही उडून जातं, काही जिवाणू खातात. मीठ कोणीच खात नाही. आणि पर्मियनच्या, म्हणजे इथल्या तेलपट्ट्याच्या, या पाण्यात लिटरला १५० ग्रॅम क्षार म्हणजे काही विशेष नाही. समुद्रात ते ३५ असतात.

गाडी वारा येतो त्या बाजूला लावली. कॉलरवरचा हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा मॉनिटर १० पीपीएमला (दशलक्षात १० भाग) ओरडतो. तो शून्यावर होता. पॅडवर, म्हणजे विहिरीभोवतीच्या सपाट केलेल्या जागेवर, बघितलं तर डबकं कुठेच नाही. सगळीकडे पांढरीशुभ्र, नुकतीच पसरलेली कॅलिची, म्हणजे इथला चुनखडीचा मुरूम. त्यावर लोडरच्या चाकांचे ताजे ठसे. ओल्या जागेवर कोरडा मुरूम टाकणं याला सफाई म्हणत नाहीत, पण ते सर्रास होतं.

हातगिरमिट घातलं. मुरमाखाली १५ सेंटीमीटरवर मुठीत दाबली की गोळा होईल अशी ओली वाळू. माती आणि डिस्टिल्ड पाणी समान वजनाने घेऊन हलवायचं, निवळू द्यायचं, मग ईसी (विद्युतवाहकता) मीटर आणि क्लोराइडची पट्टी. पट्टी शेवटच्या रेघेपर्यंत गेली. अशा वेळी तो आकडा लिहून मोकळं व्हायचं नसतं. दहापट पाणी घालून पुन्हा बघायचं.

व्हॅक्यूम ट्रक आत घेण्यासाठी पॅडचा बांध एका ठिकाणी फोडलेला होता. तिथूनच पाणी बाहेर, वाळूच्या टेकाडांत गेलं होतं. ऑपरेटरने मोजलं होतं फक्त पॅड, आणि खोली धरली होती दोन इंच. भोकं पाडत पाडत आम्हाला ओल मिळाली ४२० चौरस मीटरवर, सरासरी २० सेंटीमीटर. म्हणजे ८४ घनमीटर ओली वाळू. पाणी मावण्याजोगी मोकळी जागा २५ टक्के धरली तर २१ घनमीटर पाणी. बॅरल १५९ लिटरचा, म्हणजे १३२ बॅरल मातीत, ६० ट्रकमध्ये. एकूण १९२. मातीत राहिलेलं मीठच तीन टनांच्या पुढे.

हा हिशेब कागदी नाही. राज्याच्या नियमात २५ बॅरलला गळती मोठी ठरते: २४ तासांत कळवायचं, १५ दिवसांत सी-१४१ अर्ज. पण जमीन केंद्राची असली की तिथल्या भूव्यवस्थापन खात्याची मोठ्या गळतीची रेघ १०० बॅरलवर आहे. ९० हा आकडा त्या रेघेच्या नेमका अलीकडे पडतो. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून दोघांनी मिळून पुन्हा गुणाकार केला, तेव्हा ऑपरेटरच्या माणसाने काही न बोलता ९०च्या आधी १ लिहिला.

कारण साधंच. जमिनीवरून टाकलेल्या पॉलिपाइपच्या (प्लॅस्टिकच्या नळीच्या) सांध्यातलं गॅस्केट उन्हाने कडक होऊन चिरलं होतं. दाब घटला की पंप बंद करणारा स्विच इतक्या कमी दाबावर लावलेला, की रात्रभर पाणी वाहिलं तरी पंप चालूच.

गोडं पाणी मारून मीठ खाली ढकलू, असं कोणीतरी सुचवतंच. सांगली-कोल्हापूरकडे खारवट जमिनीत पाणी देऊन धुतात, पण खाली निचऱ्याच्या नळ्या असतात म्हणून. इथे खाली भूजल आहे. शिवाय चिकणमातीचा थर लागला तर सोडियम कणांना धरून बसतो आणि जमीन चोपण, म्हणजे पाणी न जिरणारी, होते. म्हणून खणून उचलणं. वरच्या चार फुटांत क्लोराइड किलोला ६०० मिलिग्रॅमच्या आत आणावं लागतं. भूजल कितीही खोल असो. पॅडवर आणि कडेला डंपरच्या खेपा सुरू झाल्या.

अडलं ते टेकाडांत. तिथे शिनरी ओक असतो: गुडघ्याएवढं झुडूप, पण बहुतेक पसारा जमिनीखाली. तो जमिनीखालच्या खोडांतून पसरतो. खणून काढला की वाळू मोकळी होते आणि टेकाड वाऱ्यावर जातं. याच टेकाडांत एक छोटा सरडा राहतो, तो २०२४ साली संकटग्रस्त यादीत गेला. तिथे खोदयंत्राची बकेट घालायची नाही म्हणून एअर व्हॅक मागवला. पाण्याच्या झोताचा हायड्रोव्हॅक नाही, कारण तो मीठ आणखी खाली नेतो. हवेने वाळू सैल करून ओढायची, जाड मुळं तशीच ठेवायची, ती उघडी पडली की ओल्या गोणपाटाने झाकायची. दिवसाला मोजके चौरस मीटर होतात, आणि बिल बघून ऑपरेटर दर तासाला फोन करतो.

नमुना दर २०० चौरस फुटांना एक, पाच जागांची माती एकत्र करून. झुडपांतले तीन नमुने प्रयोगशाळेतून आले: ३१०, ४५०, ७४०. तिसऱ्या जागी पुन्हा नळी घातली.