हेलिकॉप्टरला रिझर्व्ह नसतो

कॉलेजात स्प्लेंडर होती माझ्याकडे. गचके द्यायला लागली की चालवता चालवताच डाव्या हाताने कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि निवांत पंपापर्यंत जायचं. तीच सवय घेऊन मी फ्लोरिडाला हेलिकॉप्टर शिकायला गेलो आणि तिसाव्या तासाला गायींच्या कुरणात उतरलो.

मशीन म्हणजे रॉबिन्सन आर 22, दोन सीटचं. एकूण वजनाची लिमिट 1370 पाउंड, त्यामुळे मी 84 किलोचा आणि इन्स्ट्रक्टर माझ्याहून भारी म्हटल्यावर टाक्या फुल करताच येत नाहीत, मोजूनमापूनच भरावं लागतं. फ्लाइंग स्कूलच्या बोर्डावर कोणीतरी 17 गॅलन लिहिलेलं, तासाला साधारण 9 जातात, फ्लाइट सव्वा तासाची, म्हणजे हवं ते 20 मिनिटांचं राखीव धरूनसुद्धा चिक्कार. टाकीत डिपस्टिक बुडवून बघायची असते, मी नाही बघितली. उन्हं होती, घाई होती, बाकी काही कारण नाही. तो आकडा आदल्या संध्याकाळी दुसरा एक जण उडवून यायच्या आधीचा होता हे नंतर कळलं.

परतताना समोर ढग गडगडायला लागले म्हणून वळसा घेतला, वरून समोरचा वारा. आणि पिवळा दिवा लागला. लो फ्युएल. आर 22 मध्ये हा दिवा लागला की साधारण 1 गॅलन उरलेलं असतं, क्रूझ पॉवरला अंदाजे 5 मिनिटं. एअरपोर्ट 6 सागरी मैलांवर. मी बोलूनही गेलो, "पोचू की." इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाला, "ग्राउंड स्पीड बघ." जमिनीच्या हिशेबाने वेग 65 नॉट, म्हणजे तासाला 65 सागरी मैल. मनातल्या मनात भागाकार केला, साडेपाच मिनिटं येतात. पोटात गोळा आला.

कारण इंजिन बंद पडलं की हात लगेच खाली, म्हणजे कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन कमी-जास्त करणारा डाव्या हाताचा दांडा) खाली ढकलून ऑटोरोटेशनमध्ये जायचं, म्हणजे इंजिनाशिवाय, खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत ठेवून उतरायचं. या मशीनचे पाते हलके, दीड सेकंद उशीर केला तरी त्यांचा वेग धोकादायक घसरतो. प्रॅक्टिसमध्ये केलेलं होतं पण तिथे इंजिन परत मिळणार हे माहीत असतं ना.

खाली कुरण होतं. तारा आहेत का बघितलं, तळ्यातल्या लाटांवरून वारा कुठून ते ठरवलं आणि इंजिन चालू असतानाच उतरवलं. गायी लांब पळाल्या, मग पाते थांबल्यावर परत येऊन आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. डिपस्टिक आता बुडवली, टोकाला निळसर ओल, बस. एवढ्यावर मी 6 मैल जायला निघालो होतो.

पिकअपमधून मालक आला, वैतागेल वाटलं तर त्याने पाण्याच्या बाटल्या दिल्या. शाळेतून कॅन यायला दोन तास. भरल्यावर इन्स्ट्रक्टरनेच उडवलं, मी बाजूला गप्प.

रात्री त्याने मला नासाचा फॉर्म भरायला बसवलं. अशा चुका वैमानिकांनी स्वतःहून कळवायची नासाची व्यवस्था आहे, 10 दिवसांत कळवलं आणि चूक मुद्दाम केलेली नसली तर सहसा दंडातून सूट मिळते. हे फोनवर आईला सांगायला नको होतं. तिने एवढंच ऐकलं की पोराने नासाला रिपोर्ट पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्याचे फोटो.