कोरड्या जूनमध्ये हम्फ्रीज शिखर : ॲरिझोनाच्या जंगलात चालायला जाणाऱ्यांसाठी

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फिनिक्सचा पारा ११० अंश फॅरनहाइटकडे सरकू लागला की तेथे राहणारी मराठी कुटुंबे शनिवार-रविवार गाठून उत्तरेला फ्लॅगस्टाफकडे निघतात. आम्हीही त्याच वाटेने ॲरिझोनातील सर्वांत उंच हम्फ्रीज शिखर (१२,६३३ फूट) चढण्यासाठी गेलो. सात हजार फुटांवरच्या त्या गावात मोटारीतून उतरताच हवा सुखद लागते आणि भोवतीचे पाँडेरोसा पाइनचे जंगल हिरवेगार दिसते. मात्र ज्या आठवड्यांत हा गारवा सर्वाधिक हवाहवासा वाटतो, त्याच आठवड्यांत या जंगलाला वणव्याचा सर्वाधिक धोका असतो. तेथे जाण्याची तारीख आपल्या सुट्टीवर नव्हे, तर जंगल किती वाळले आहे यावर ठरवावी, असे माझे ठाम मत आहे.

या जंगलाचे पाणी मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फातून येते. ते वितळून गेल्यावर एप्रिल ते जून पाऊस जवळजवळ नसतो, दुपारची आर्द्रता अनेकदा एक आकडी होते आणि नैऋत्येचा वारा दिवसभर वाहतो. त्यामुळे मार्चमध्ये डोंगरावर बर्फ किती आहे, हे पाहिले तरी जूनचा अंदाज बांधता येतो. बर्फ कमी पडला की वणव्यांचा मोसम लवकर सुरू होतो. २०२२ मध्ये फ्लॅगस्टाफच्या उत्तरेचा टनेल वणवा एप्रिलमध्येच भडकला होता.

हे शिखर कोकोनिनो राष्ट्रीय वनक्षेत्रात येते. आगीबाबतच्या निर्बंधांची माहिती निघण्यापूर्वी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावी आणि निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावी, कारण आदेश एका दिवसात बदलू शकतो. सर्वसाधारणपणे पहिल्या टप्प्यात शेकोटी फक्त वनखात्याने आखून दिलेल्या मुक्कामाच्या तळांवरच चालते. दुसऱ्या टप्प्यात ती कोठेही चालत नाही, मात्र बटण फिरवून बंद करता येणारी गॅसची शेगडी बहुधा चालते. त्यापुढची पायरी म्हणजे जंगल सर्वांसाठी बंद. जून २०२१ मध्ये कोकोनिनो पूर्णपणे बंद झाले होते, तेव्हा साधे चालायलाही आत जाण्यास मनाई होती. म्हणून हॉटेल किंवा तळ आरक्षित करताना पैसे परत मिळण्याची सोय असलेलाच पर्याय घ्यावा.

आमच्या वेळी पहिल्या टप्प्याचे निर्बंध होते. तळावर शेजारची मंडळी पहाटे निघून गेली होती आणि त्यांच्या शेकोटीची राख वरून पांढरी, विझलेली दिसत होती. हाताची पाठ तिच्यावर धरली तर ऊब लागली. पाणी ओतून काठीने ढवळताच खालून लाल निखारे निघाले आणि चर्र आवाज करत वाफ उठली. दोन बादल्या पाणी घातल्यावर ती राख हाताला थंड लागली. हे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, २०१० चा शुल्ट्झ वणवा आणि सुमारे ५,३८,००० एकर जाळणारा २०११ चा वॉलो वणवा, हे दोन्ही अशाच सोडून दिलेल्या शेकोट्यांमुळे लागले होते. माझी विनंती आहे की, परवानगी असली तरी जूनमध्ये शेकोटी पेटवूच नये. मोटार वाळलेल्या गवतावर उभी करू नये आणि मागे गाडा जोडला असेल तर त्याची साखळी रस्त्यावर घासत नाही ना, हे पाहावे. तिच्या ठिणग्यांनीही गवत पेटते.

शिखराची वाट स्नोबोल या बर्फावरील खेळांच्या केंद्रापासून, सुमारे ९,३०० फुटांवरून निघते. जाऊन-येऊन साधारण १० मैल होतात आणि वाटेत पिण्याचे पाणी कोठेही नाही. दुष्काळी वर्षांत नकाशावरचे झरेही कोरडे पडतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. माणशी चार लिटर पाणी पाठीवर घेऊनच निघावे. सावलीतल्या वाटेवर पाइनच्या सुया पायाखाली पापडासारख्या कुडकुडत होत्या. झाडांची सावली संपल्यावर ज्वालामुखीचे खडक आणि जोराचा वारा एवढेच उरते. ११,४०० फुटांच्या वर वाट सोडण्यास मनाई आहे, कारण तेथे एक पिवळे रानफूल वाढते जे जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. हा पर्वत नवाहो, होपी आणि इतर अनेक आदिवासी समाजांना पवित्र आहे, हेही ध्यानात ठेवावे.

चढताना दर थोड्या वेळाने क्षितिज न्याहाळावे. वणवा चढावर वेगाने पसरतो, म्हणून खालच्या उतारावर धुराचा लोट दिसला तर शिखर किती जवळ आहे याचा विचार न करता परतावे आणि ९११ वर कळवावे. ॲगसी खिंडीत वेदरफोर्ड ही दुसरी वाट येऊन मिळते; उतरण्याची वाट धुरात सापडल्यास ती उपयोगी पडू शकते, म्हणून इंटरनेटविना चालणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा. लांबच्या वणव्याचा धूरही या उंचीवर दम आणतो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १०० च्या वर असेल तर मुलांना व दम्याच्या रुग्णांना नेऊ नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही महामार्ग ८९ वरून पर्वताची पूर्व बाजू पाहिली. शुल्ट्झ वणव्याने सुमारे १५,००० एकर जाळले आणि त्यानंतर बारा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, पाइपलाइन वणव्याने सुमारे २६,५०० एकर जाळले. काळे सरळसोट खोड, मधे गवत आणि काही ठिकाणी ॲस्पेनची कोवळी रोपे, असे ते उतार आहेत. वाऱ्याच्या दिवशी अशी जळकी झाडे आवाज न करता कोसळतात, त्यामुळे त्यांच्याखाली जेवायला बसू नये, तंबू तर मुळीच लावू नये. भीषण आचेने मातीत मेणासारखा थर तयार होतो आणि पाणी मुरत नाही. त्यामुळे थोड्या पावसातही ओढ्यांतून चिखल, दगड आणि ओंडके वाहत येतात. शुल्ट्झ वणव्यानंतर त्याच वर्षी जुलैत आलेल्या पुरात एका बारा वर्षांच्या मुलीचा बळी गेला. जळलेल्या उताराखालच्या ओढ्यात ढग दिसत असताना उतरू नये, मग आपल्या डोक्यावर ऊन असले तरी.

जुलैत पाऊस सुरू झाला की निर्बंध बहुतेक वेळा शिथिल होतात, पण तेव्हा विजेचे भय येते. जुलै २०१६ मध्ये याच पर्वतावर वीज पडून एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला होता. पहाटे पाचला चालायला लागून दुपारी बाराच्या आत, झाडे जेथे संपतात त्या उंचीच्या खाली परतणे आवश्यक आहे. माझ्या मते सप्टेंबरचा उत्तरार्ध सर्वांत चांगला : पाऊस ओसरलेला असतो, जमीन ओली असते आणि ॲस्पेनची पाने पिवळी पडू लागतात. शरद ऋतूत वनखाते स्वतः ठरवून लहान आगी लावते, सुकलेला पालापाचोळा कमी करण्यासाठी. त्या धुराची सूचना फलकावर असते, तिने घाबरू नये.

जंगल बंदच असेल तर फ्लॅगस्टाफपासून तासाभराच्या अंतरावरील वुपाटकी येथील प्राचीन वस्त्यांचे अवशेष पाहता येतात. ते उघड्या माळावर असून राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहेत, तरी निघण्यापूर्वी ते उघडे असल्याची खात्री करावी. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्याचा बेत असेल तर जास्तच चौकशी करावी, कारण जुलै २०२५ मध्ये विजेने लागलेल्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तेथील ऐतिहासिक ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेले आहे.