वर्गाच्या खिडक्या

आपल्या शाळेतल्या शिक्षकांबद्दल या स्मरणिकेत पुष्कळ लिहून येईल आणि ते यायलाच हवं. मला लिहायचंय ते जुन्या इमारतीबद्दल, त्यातही तिच्या खिडक्यांबद्दल.

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि बघता बघता जगभरच्या शाळांना कुलपं लागली. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार तेव्हा 150 कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले होते. आम्ही मोठी माणसंही दाराआड गेलो. पुढे निर्बंध उठले, लस घेऊन झाली, मास्कही उतरले. पण धास्ती काही जाईना. बंद खोलीत चार माणसं जमली की मी दाराजवळची जागा धरायचो. म्हणून 2022 च्या अखेरीस आमच्या तुकडीने शाळेतच भेटायचं ठरवलं, तेव्हा ‘येतो’ म्हणायला मला वेळ लागला.

पटांगण, घंटा, फळा सगळं जागच्या जागी होतं. आम्ही दहावीच्या वर्गात जाऊन बसलो. वर्ग गच्च भरलेला, सगळे एकाच वेळी बोलत होते, मध्येच कुणी गेलेल्या मित्राची आठवण काढली की शांत होत होते. आणि बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं, की दार कुठे आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मग मी वर्ग नीट न्याहाळला. उंच छत. दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि वर छताला लागून झरोके. खिडकीची लाकडी झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून लोखंडी आकडा आहे. त्याचा रंग कधीच उडालाय आणि हात लागून लागून टोक गुळगुळीत झालंय. हजेरीच्या आधी वर्गप्रमुखाने सगळ्या खिडक्या उघडून हे आकडे अडकवायचे, असा नियम होता. वाऱ्याने पानं उलटायची म्हणून आम्ही वहीवर कंपासपेटी ठेवायचो. थंडीत खिडक्या लावू द्या म्हणून गयावया केली, तर बाई फार तर एक झडप ओढू द्यायच्या.

ही इमारत विचार करून बांधलेली आहे. श्वासाने ऊबदार झालेली हवा वर चढते, झरोक्यातून निघून जाते आणि तिच्या जागी खिडकीतून ताजी हवा येते. क्षयरोगावर औषध नव्हतं त्या काळात मोकळ्या हवेचं मोल लोकांना ठाऊक होतं. जर्मनीत बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथे 1904 मध्ये अशक्त मुलांसाठी चक्क रानात शाळा भरवली होती. पुढे औषधं आली आणि खिडक्यांचा विसर पडला. महामारीतही सुरुवातीला सारा भर हात धुण्यावर आणि दारांच्या मुठी पुसण्यावर होता. हा विषाणू हवेतून पसरतो हे स्पष्टपणे मान्य व्हायला 2021 उजाडलं.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतो. खिडक्या लावलेल्या, भरलेल्या वर्गात तो सहज 1000 च्या वर जातो. म्हणजे मुलं एकमेकांनी सोडलेला श्वासच पुन्हा घेत असतात. कोविड ओसरला, तरी गोवर, कांजिण्या आणि क्षयरोग याच वाटेने येतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे जुन्या इमारतीचं नूतनीकरण होणार असल्याचं त्या दिवशी कळलं. वर्ग वातानुकूलित करावेत, झरोके बुजवावेत, असाही विचार चालला आहे म्हणे. भिंतीवरचा साधा एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. तेव्हा संस्थेला माझी मनापासून विनंती आहे: झरोक्यांना जाळी लावा, पण ते बुजवू नका. गंजलेले आकडे आणि बिजागऱ्या बदला, फुगलेल्या झडपा तासून घ्या. दहावीच्या वर्गाचा खर्च आमच्या तुकडीने उचलायचं ठरवलंय. सुतार गाठायचं काम माझ्याकडे आहे. इतर तुकड्यांनी एकेक वर्ग घेतला, तर पुढच्या मोठ्या सुट्टीत सगळ्या खिडक्या होऊन जातील.