चिंगीची गाठ

आमच्या मांजरीच्या, चिंगीच्या पोटावरून हात फिरवताना डावीकडच्या तिसऱ्या आचळापाशी काहीतरी टणक लागलं. हरभऱ्याएवढं. ती तेव्हा ११ वर्षांची होती. घराजवळच्या दवाखान्यात दाखवलं, तर ‘चरबीची असेल, महिनाभर बघू’ म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं. सहा आठवड्यांनी गाठ सुपारीएवढी झाली.

ते सहा आठवडे मला अजून टोचतात. मांजरींच्या स्तनातल्या दर १० गाठींपैकी ८-९ कॅन्सरच्याच निघतात. हे तेव्हा ठाऊक असतं तर एक दिवसही थांबले नसते.

मग डोंबिवलीहून टोपली मांडीवर घेऊन मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी आधी गाठ मोजली: २.४ सेंटीमीटर. मग छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे. हा आजार लसिकाग्रंथींमधून (लिम्फ नोड) फुप्फुसात उतरतो, आणि तिथे पोचला असेल तर एवढं मोठं ऑपरेशन करून मांजरीला त्रासच होतो. फुप्फुसं स्वच्छ होती.

‘किती दिवस आहेत तिच्याकडे?’ मी विचारलं.

‘ताई, गाठीचा आकार बरंच काही सांगतो. २ सेंटीमीटरच्या आत असली तर ऑपरेशननंतर साधारण तीन वर्षं, ३ च्या वर गेली तर कधीकधी सहा महिनेच. ही मधली आहे, दोनेक वर्षं धरा. पण हा मधला आकडा आहे. निम्म्या मांजरी त्याच्या आधी जातात, निम्म्या त्याच्या पुढे जगतात.’

ते शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं.

नुसती गाठ काढून भागत नाही, हे मला तिथेच कळलं. एका बाजूच्या चारही ग्रंथी आतून जोडलेल्या असतात, म्हणून डावी पूर्ण रांग काढली, सोबत जांघेतली लसिकाग्रंथीही. महिन्याभराने उजवी बाजू. टाके बगलेपासून जांघेपर्यंत. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरने ती भिंतीवर आपटायची आणि खाणं सोडून बसायची, म्हणून आईने बाबांच्या जुन्या बनियनला चार पायांसाठी भोकं पाडली आणि पाठीवर नाड्या शिवल्या. तो घातल्यावर पहिल्यांदा वाटी चाटूनपुसून साफ केली. ज्यांच्या मांजरीचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी बनियन आधीच शिवून ठेवा.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, लसिकाग्रंथी स्वच्छ, पण बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या होत्या. त्या ओळीखाली डॉक्टरांनी पेनने रेघ मारली. डॉक्सोरुबिसिनची केमो देता आली असती. पण ते औषध मांजरींच्या मूत्रपिंडाला बाधू शकतं, आणि चिंगीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, आधीच वाढलेलं होतं. आम्ही नको म्हटलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

पुढे दर तीन महिन्यांनी एक्स-रे. घरी माझं काम एकच: ती गाढ झोपली की मिनिटभर श्वास मोजायचे आणि कालनिर्णयाच्या चौकोनात लिहायचे. ३० च्या वर जायला लागले तर लगेच फोन करा, असं सांगितलं होतं. वर्षभर २०, २२, १९ असेच आकडे. उन्हाळ्यात ती खिडकीत आडवी व्हायची, पोटावर नवीन मऊ केस आले होते.

एकोणिसाव्या महिन्यात ३४. दुसऱ्या दिवशी ४१. छातीत पाणी झालं होतं. सुईने काढलं तेव्हा ते गुलाबी होतं. तीन दिवस ती पुन्हा आमची चिंगी झाली, मासळीचा वास आल्यावर ओट्यावर चढली. चौथ्या दिवशी पुन्हा पाणी भरलं, तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. पुन्हा सुई नको, असं आईच म्हणाली. शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा ती आईच्या मांडीवर, त्याच बनियनवर होती.

चिंगीची नसबंदी आम्ही चौथ्या वर्षी केली होती, दोन वेळा पिल्लं झाल्यावर. सहा महिन्यांच्या आत केली असती तर या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी झाला असता. आता घरात तिच्याच रंगाचं एक पिल्लू आलंय. त्याची तारीख घेऊन ठेवली आहे, पुढच्या महिन्याची १२.