शून्य व्होल्टचा शोध: रेसकारच्या डेटा लॉगरच्या वायरिंगचा माझा अनुभव

पुण्यातील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसकार बांधून उतरण्याची स्पर्धा) संघात डेटा लॉगर, म्हणजे सेन्सरची मोजमापे नोंदवणारे उपकरण, आणि सेन्सर यांच्या वायरिंगची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा गाडी व्यवस्थित धावत होती, पण तिच्या नोंदींवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की चारही डॅम्परच्या (सस्पेन्शनमधील शॉक अब्सॉर्बरच्या) हालचालीचे आलेख एकाच क्षणी सुमारे दीड मिलिमीटर सरकत आणि पंखा थांबला की पूर्वपदावर येत. उभ्या गाडीतही हेच घडत असल्यामुळे सस्पेन्शनचा त्याच्याशी संबंध नाही, हे स्पष्ट होते.

जुन्या हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) डॅम्परवरील सेन्सर आणि पंखा यांचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट मानलेली परतीची वाट, १८ गेज जाडीच्या एकाच तारेवर एकत्र आणलेले होते. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण २१ मिलिओहम असतो. म्हणजे सव्वा मीटरच्या तुकड्यातून पंख्याचे ८ अँपिअर वाहू लागले की तिच्या दोन टोकांत ०.२ व्होल्टचा फरक पडतो. लॉगर स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत मोजतो आणि सेन्सरचे ग्राउंड मात्र तेवढ्याने वर उचललेले असते. सेन्सरचा सरकता भाग मध्यावर असेल तर त्यातला निम्मा, म्हणजे ०.१ व्होल्ट, सिग्नलमध्ये मिसळतो, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७५ मिलिमीटरच्या सेन्सरसाठी ०.१ व्होल्ट म्हणजे बरोबर दीड मिलिमीटर. हे गणित आलेखाशी जुळल्यावर पुढची दिशा ठरली.

मल्टिमीटरने रोध मोजून असा दोष सापडत नाही, हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. मीटर रोध मोजताना अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधच शोधायच्या रोधापेक्षा जास्त असतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, पंखा आणि इंधनपंप पूर्ण भारावर असताना, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे सेन्सरच्या ग्राउंडवर धरून थेट व्होल्ट मोजावे लागतात.

नव्या हार्नेसमध्ये प्रत्येक सेन्सरचे ग्राउंड स्वतंत्र तारेने लॉगरच्या सेन्सर ग्राउंड पिनवर परत नेले. लॉगर, पंखा आणि पंप यांच्या ग्राउंड तारा बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत वेगवेगळ्या गेल्या. इग्निशन कॉइलच्या ठिणगीचा प्रवाह इंजिनच्या ब्लॉकमधून परततो, त्यामुळे ब्लॉकचाच ग्राउंड म्हणून वापर करणारा एका तारेचा तापमान सेन्सर काढून त्या जागी दोन तारांचा बसवला. चाकाच्या वेगाच्या सेन्सरची जाळीदार वेष्टणाची केबल फक्त लॉगरच्या बाजूला ग्राउंड केली, कारण दोन्ही टोके जोडल्यास वेष्टणातूनच नको असलेला प्रवाह वाहू लागतो.

विजेच्या पुरवठ्याचा प्रश्न निराळा होता. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्टेज इतके कोसळे की कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होई. मास्टर स्विच बंद होताच गाडीतील सर्व वीज तुटली पाहिजे, असा स्पर्धेचा नियम आहे आणि तो सुरक्षिततेसाठी योग्यच आहे; त्यामुळे लॉगर थेट बॅटरीवर न घेता मास्टर स्विचच्या पुढे, पण इग्निशनच्या रिलेच्या आधी, स्वतंत्र फ्यूजवर घेतला. कॅमेऱ्यासाठी ६ व्होल्टपर्यंतच्या इनपुटवरही स्थिर ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लावला. कॅमेऱ्याचे धातूचे आवरण रोलहूपवरील (चालकाच्या डोक्यामागील संरक्षक कमानीवरील) क्लॅम्पमधून चासीला टेकत होते आणि त्यामुळे ग्राउंडला दुसरी वाट मिळत होती; क्लॅम्पखाली रबर घातल्यावर ती बंद झाली.

शेवटच्या चाचणीत लॅपटॉप मुद्दाम त्याच्या बॅटरीवर चालवला, कारण चार्जरची तिसरी पिन यूएसबीच्या केबलमधून गाडीला इमारतीच्या अर्थिंगशी जोडू शकते आणि मग मोजलेले आकडे ट्रॅकवरील स्थितीचे राहत नाहीत. पंखा सुरू केल्यावर डॅम्परच्या रेषा सरळ राहिल्या. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गेलो, तेव्हा सस्पेन्शन पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी स्प्रिंगचे निर्णय प्रथमच या आलेखांवरून घेतले.